एकशेविसावं पान

१

मंगळवारी दुपारी नूरुद्दीन परकारचा चहा अर्ध्यातच राहिला. तसा तो रोजच राहायचा. बाणकोटहून कुवेतला येऊन त्याला सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत त्याने एक कप चहा बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायलेला कुणी पाहिला नव्हता. तेलविहिरी खोदणाऱ्या एका अमेरिकन कंत्राटदाराच्या मंगफजवळच्या कँपात तो टाइमकीपर होता. साडेचारशे माणसं कामावर कधी आली आणि कधी सुटली ते त्याच्या कागदांवर असायचं, आणि इतरांच्या मिनिटांमागे धावता धावता त्याच्या स्वतःच्या पायांना थारा उरला नव्हता.

त्या दिवशी मात्र उठायला कारण घडलं. ऑफिसचा शिपाई सांगत आला, की क्लबातल्या डाउडसाहेबांच्या वहीतलं पान कुणीतरी कापलं आणि सुरक्षावाले अब्बासला घेऊन गेले.

अब्बास मुकादम हा नूरुद्दीनच्या बहिणीचा, खैरुन्निसाचा मुलगा. वय चोवीस. क्लबाची देखभाल आणि शुक्रवारच्या बेसबॉल सामन्यांचा स्कोअर लिहिणं ही त्याची नोकरी. 'माणूस माझा आहे, जबाबदारी माझी' असं कागदावर लिहून देऊन नूरुद्दीननेच त्याला इकडे आणला होता. तो कागद आता त्याच्या डोळ्यांपुढे नाचू लागला.

बाहेर तीन दिवसांचा वारा अजून शमला नव्हता. नूरुद्दीन तोंडावर रुमाल धरून सुरक्षा खात्याच्या पत्र्याच्या खोलीत पोचला. तिथले बॅक्स्टरसाहेब एके काळी हिंदुस्थानात फौजेत होते आणि हिंदी बोलायचे, पण त्यांना त्या भाषेतले फक्त हुकूमच येत असत. टेबलावर एक जाडजूड हिरवी वही होती. कोपऱ्यात अब्बास मान खाली घालून उभा होता.

बॅक्स्टरसाहेबांनी थोडक्यात सांगितलं. वही कपाटात बंद असते. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक डाउडसाहेबांकडे, दुसरी अब्बासकडे. डाउडसाहेब शनिवारपासून आज सकाळपर्यंत वाळवंटात, विहीर खोदायच्या रिगवर होते. झाडूवाल्याने शनिवारी दुपारी अब्बासला सदऱ्याखाली काहीतरी दडवून क्लबातून बाहेर पडताना पाहिलं. काय होतं ते अब्बास सांगत नाही. गुरुवारी मुंबईची बोट आहे. तोवर पान मिळालं नाही, तर पासपोर्टावर शेरा मारून त्याला बोटीवर चढवणार.

नूरुद्दीन भाच्याकडे वळला. "अब्बास, शनिवारी काय नेलंस?"

"मामू, मी पान कापलेलं नाय. अल्लाची शपथ. पण काय नेलं ते मी सांगणार नाय."

२

आता ही वही आणि तिचे मालक यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

लेस्टर डाउड हे रिगवरचे मुख्य. वय बावन्न, देह धिप्पाड. पण त्यापूर्वी ते दहा वर्षं बेसबॉलचे धंदेवाईक खेळाडू होते, म्हणजे खेळायचा पगार घेणारे. त्यांतले अकरा सामने तिथल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, बाकी सगळे अमेरिकेतल्या लहान लहान गावांच्या संघांकडून. रात्रभर बसमध्ये, दुसऱ्या दिवशी उन्हात. त्यांची बायको ग्रेस प्रत्येक सामन्याला हजर असायची आणि हिरव्या वहीत टिपून ठेवायची. एका आठवड्याला एक पान. वर्षाचे वीस आठवडे, दहा वर्षं, दोनशे पानं. पानाच्या तळाशी त्या आठवड्याची बेरीज. ग्रेसबाई वारल्या त्याला आठ वर्षं झाली होती, आणि साहेबांनी ती वही टेक्सासहून कुवेतपर्यंत स्वतःच्या मांडीवर ठेवून आणली होती.

ज्यांनी बेसबॉल पाहिला नाही त्यांना एवढंच कळलं तरी पुरे. संघात नऊ जण. फलंदाजाला खेळायची पाळी मिळते. चेंडू नीट मारून तो पहिल्या ठाण्यावर सुखरूप पोचला, तर एक फटका लागला. हजार पाळ्यांत किती फटके पडतील, हा त्याचा आकडा. ज्याचा तीनशे तो खरा फलंदाज. हा तीनशेचा आकडा म्हणजे आपल्याकडचा मॅट्रिकचा पहिला वर्ग. दोनशे नव्व्याण्णववाल्याला खेळ तेवढाच येत असतो, पण त्याच्याकडे पेढे कुणी मागत नाही.

डाउडसाहेबांचा आकडा तीनशे. हे कँपात झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण साहेब ते सगळ्यांना सांगत. तेल शिंपडून घट्ट केलेल्या वाळूच्या मैदानावर पोरांना शिकवताना सांगत, जेवताना सांगत. यंदा अमेरिकेतून एका गृहस्थाचं पत्र आलं होतं. लहान लीगमधल्या जुन्या खेळाडूंच्या आकड्यांचं पुस्तक ते छापणार होते. डाउड खेळले त्या लीगचं दप्तर जळून गेलेलं, म्हणून त्यांनी वही मागवली होती. किंबल नावाचे दुसरे एक साहेब शनिवारी सुट्टीवर मायदेशी जाणार होते, ते ती नेणार होते. आणि त्याच वहीतलं एकशेविसावं पान, १९३१च्या मोसमाचा शेवटचा आठवडा, मुळाशी कापून कुणीतरी नेलं होतं.

नूरुद्दीनने बॅक्स्टरसाहेबांच्या परवानगीने ती वही उघडून पाहिली. काप अगदी सरळ आणि बारीक होता. शेजारच्या पानावर पात्याचा ओरखडासुद्धा नव्हता. कापणाऱ्याने वहीला जपलं होतं.

ही गोष्ट त्याच्या डोक्यात रुतून बसली. चोर वहीला कशाला जपेल?

३

पातं म्हटलं की आधी न्हाव्याकडेच जायला हवं. जाफर हा रत्नागिरीकडचा, कँपाच्या फाटकाजवळ त्याचं केशकर्तनालय. माणसाच्या गालाला साबण लागला, की याच्या तोंडाला फेस यायचा. नूरुद्दीनने प्रश्न विचारण्याआधीच त्याने उत्तरं द्यायला सुरुवात केली. आपल्या वस्तऱ्याने कागद कापला जाणारच नाही, फाटेल. असलं बारीक काम दाढीच्या ब्लेडचं. ब्लेडं आपण विकतो हे खरं, पण पाकिटं. या आठवड्यात एकच सुटं गेलं, तेही डाउडसाहेबांनी नखांसाठी म्हणून नेलं. बाकी साहेब कँपात असले की त्यांची दाढी रोज आपणच करतो, त्यांना स्वतः करायचा कंटाळा ना. आणि अब्बासला अजून धड दाढीच येत नाही, त्याला ब्लेड कशाला? उगाच पोराला छळतात. बोलता बोलता फळीवरच्या तेलाच्या बाटलीवरून पुढे तो रत्नागिरीच्या बंदरावर पोचला, तेव्हा नूरुद्दीन उठून निघालेला होता. खुर्चीवर तो बसलाच नव्हता म्हणा.

किंबलसाहेब त्याला मैदानावर भेटले. उंच, हसरा माणूस. तेही तीन वर्षं धंदेवाईक होते, चेंडू टाकणारे. खांदा निखळला आणि कारकीर्द आटोपली. त्यांचा राग कुणावर होता, तर पान चोरणाऱ्यावर, आणि तो खोटा वाटत नव्हता.

"त्या पानावर माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता," ते म्हणाले. "डाउडला मी एका सामन्यात चार वेळा बाद केलं होतं. सत्तावीस वर्षं मी हे सांगतोय आणि कुणी विश्वास ठेवत नाही. शुक्रवारी वही चाळताना ते पान सापडलं, तर मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं."

नूरुद्दीनने विचारलं, पान गेलं हे कळलं कसं? दोनशेतलं एक पान, आणि कापही दिसेल न दिसेलसा.

किंबलसाहेबांनी सांगितलं, की शुक्रवारी सामना संपल्यावर, डाउड अंघोळीला गेले असताना, त्यांनी क्लबात सगळ्यांसमोर लिहिलेल्या प्रत्येक पानामागे पेन्सिलीने बारीक क्रमांक घातले होते. प्रवासात काही गळू नये म्हणून. तेव्हा दोनशे भरली. आज सकाळी डाउडच्या हातून वही घेऊन त्यांनी पुन्हा मोजली, तर एकशे एकोणीसनंतर एकशे एकवीस.

"डाउडसाहेब काय म्हणाले?"

"काहीच नाही. पांढराफटक पडला बिचारा. बायकोची आठवण ती. बॅक्स्टरने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, की मी शनिवारपासून रिगवर आहे."

नूरुद्दीन परत निघाला. किंबलसाहेबांना ते पान हवं होतं, नको नव्हतं. जाफरला बेसबॉल आणि हुतूतू यांतला फरक माहीत नव्हता. उरला अब्बास, आणि अब्बासचं तोंड बंद. वाऱ्याने वाटेवरच्या पावलांच्या खुणा पुसून टाकल्या होत्या. खैरुन्निसा आता बाणकोटला खाडीवर नजर लावून मुलाच्या पत्राची वाट पाहत असेल, आणि पत्राऐवजी मुलगाच समोर उभा राहील, चोर म्हणून. जमातीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि पहिल्यांदाच नूरुद्दीनच्या मनात आलं, की पोराने खरंच कापलं असेल तर? ही शंका आली आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

४

बुधवारी सकाळी तो अब्बासच्या खोलीत गेला. सुरक्षावाल्यांनी झडती घेऊन सामान खाटेवर तसंच टाकलं होतं. झडतीची यादी दाराला अडकवलेली होती. दोन सदरे, एक लुंगी, कुराण शरीफ, आईची पत्रं, तेलाची बाटली, एक कोरी वही.

नूरुद्दीन खोलीत येरझारा घालू लागला. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. अब्बास काही दडवत होता, आणि जे दडवत होता ते या खोलीतच आलं असणार, कारण कामाच्या मधल्या सुट्टीत तो दुसरीकडे कुठे जात नसे. झडतीत मात्र काही मिळालं नव्हतं.

पाचव्या की सहाव्या फेरीला तो थांबला. ती वही. तिचे कोपरे झिजून गोल झाले होते. पुठ्ठ्यावर बोटांचा काळा मळ चढला होता. आणि अब्बास म्हणजे पाकिटाच्या आतल्या बाजूवर वाण्याची यादी लिहिणारा पोरगा. त्याच्याकडची वही झिजून जाईपर्यंत कोरी कशी राहील?

सुरक्षावाल्यांनी ती उघडली होती ती साहेबी बाजूने. पहिली दहा-बारा पानं पांढरी दिसली आणि टाकून दिली. पण अब्बास बाणकोटच्या उर्दू शाळेत शिकला होता, मामूसारखाच. उर्दू शाळेतल्या पोराच्या हातात वही दिली, तर तो ती उजवीकडून सुरू करतो. पुढे इंग्रजी शिकला, साहेबाकडे नोकरीला लागला, तरी कोऱ्या वहीचं पहिलं पान त्याला उजव्या हातालाच सापडतं. नूरुद्दीनची स्वतःची पगाराची नोंदवही तशीच होती, आणि त्यावरून त्याने साहेबांचे टोमणे खाल्ले होते.

त्याने वही उलटी केली आणि उजवीकडून उघडली.

पान भरलेलं होतं. पुढचंही, त्याच्या पुढचंही. इंग्रजी अक्षर अब्बासचं, मजकूर ग्रेसबाईंचा. तारीख, गाव, पाळ्या, फटके, समासातले बारीक शेरे, सगळं जसंच्या तसं. सव्वाशेहून जास्त पानं त्याने उतरवून काढली होती.

नूरुद्दीन धावतच सुरक्षेच्या कोठडीशी गेला. वही पाहताच अब्बासचे डोळे भरून आले. मग तो बोलला. वर्षभर तो मधल्या सुट्टीत हिरवी वही खोलीवर नेत होता आणि एकेक पान उतरवत होता. स्कोअर लिहायची अशी सुंदर पद्धत त्याने कुठेच पाहिली नव्हती. डाउडसाहेबांनी तर सगळ्यांना बजावलं होतं, की वहीला हात लावाल तर याद राखा. वही खोलीवर न्यायचो हे कबूल केलं असतं, तर पान मीच कापलं हे सिद्धच झालं असतं.

"समासातलं कशाला उतरवलंस?" नूरुद्दीनने विचारलं.

"मामू, मना काय कळतंय त्यातलं कामाचं कुठलं नि बिनकामाचं कुठलं? बाईंनी लिवलं म्हणून लिवलं."

नूरुद्दीनने एकशेविसावं पान काढलं. अठरा पाळ्या. फटका एक.

त्याने ती ओळ दोनदा वाचली, मग समासातला शेरा वाचला, आणि वही काखेत मारून बाहेर पडला.

५

पुढचं काम टाइमकीपरचं होतं. बॅक्स्टरसाहेबांसमोर बसून, दांडा ओढायच्या बेरजेच्या यंत्रावर, त्याने हिरव्या वहीतल्या उरलेल्या एकशे नव्व्याण्णव पानांच्या तळच्या बेरजा घातल्या. ग्रेसबाईंनी दर आठवड्याची बेरीज केली होती, पण सगळ्यांची मिळून एक बेरीज कुठेच केलेली नव्हती. वहीचं शेवटचं पान त्यासाठी मोकळं ठेवलेलं होतं, आणि ते मोकळंच राहिलं होतं.

पाळ्या तीन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. फटके बाराशे. हजारी तीनशे, आणि वर केसभर.

मग त्याने कापलेल्या पानाचे आकडे मिळवले. पाळ्या चार हजार सोळा. फटके बाराशे एक. दोनशे नव्व्याण्णव.

यंत्राची पट्टी हातात धरून तो बघत राहिला. दोनशे पानांपैकी हेच एक पान उचलायला कापणाऱ्याला आधी अख्खी वही जोडून बघावी लागली असणार. ज्याला ती वाचता येते, ज्याला तीनशे या आकड्याची किंमत कळते, आणि ज्याला बाकीची वही शाबूत हवी आहे, असा कुणीतरी. अब्बासला आकडे वाचता येत होते, पण साहेबाचा आकडा तीनशेच राहिल्याने त्याला काय मिळणार होतं?

ऑफिसात परतला तेव्हा रिगवरून आठवड्याचे हजेरीचे कागद आले होते. सोमवारच्या कागदावर वादळामुळे काम बंद झाल्याचा शेरा होता. खाली एका माणसाची सुटल्याची वेळ त्याच्याच हाताने लिहिलेली होती. दुपारी बारा चाळीस. एल. डाउड.

नूरुद्दीनने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. आता त्याला अब्बासच्या बोटीपेक्षाही अवघड गोष्ट करायची होती. बावन्न वर्षांच्या साहेबाला, कँपातल्या सर्वांत मानाच्या माणसाला, एका टाइमकीपरने जाऊन सांगायचं होतं, की तुम्ही खोटं बोललात. ऐकून साहेबाने हाकलून दिलं, तर गुरुवारच्या बोटीवर मामाभाचे दोघे असणार होते.

६

डाउडसाहेब क्लबात एकटेच बसले होते. बाहेर ऊन कललं होतं आणि वारा पत्र्याला वाजवत होता. त्यांनी नूरुद्दीनला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

त्याने इंग्रजीत, अडखळत, एकेक गोष्ट पुढे ठेवली. काप जपून केलेला होता. ब्लेड सुटं नेलं होतं, आणि नेणाऱ्याची दाढी तर जाफर करतो. किंबलसाहेबांनी पानामागे क्रमांक घातले तेव्हा एक माणूस अंघोळीला गेला होता, त्यामुळे पान मोजलं जाईल हे त्या एकालाच ठाऊक नव्हतं. सोमवारी बारा चाळीसलाच तो माणूस रिगवरून सुटला होता. आणि शेवटी बेरजेची पट्टी.

"सर, त्या पानाशिवाय तुम्ही तीनशे आहात. पानासकट नाही. याचा फायदा एकाच माणसाला आहे."

साहेबांनी पट्टी घेतली नाही. त्यांना त्यातले आकडे पाठ होते.

ते बोलू लागले, तेही बहुतेक स्वतःशीच. तीनशे हे त्यांना कुणीतरी बसमध्ये सांगितलं होतं, खेळत होते तेव्हा. अदमासाने. मग तेच ते सांगत गेले. ग्रेस म्हणायची, तू विचारशील तेव्हा मी बेरीज करीन. त्यांनी कधी विचारलं नाही. शुक्रवारी किंबलने चार वेळा बाद केल्याचं वाचून दाखवलं आणि हसत म्हणाला, लेस्टर, एकदा जोडून तरी बघ. त्याच रात्री त्यांनी पानांच्या तळच्या बेरजा एका कागदावर उतरवून घेतल्या आणि दोन दिवस रिगवर बसून जोडल्या. सोमवारी वादळात क्लबात येऊन पान कापलं, आणि परत जाऊन रिगवरच्या गॅसच्या ज्वाळेत टाकून दिलं. पान मोजलं जाईल असं स्वप्नातही नव्हतं. आणि अब्बासला धरला, तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत बुधवार उजाडला.

"मी भित्रा आहे," साहेब म्हणाले. "एका आकड्यासाठी तुझ्या पोराचं आयुष्य जाळायला निघालो होतो."

नूरुद्दीनला राग आला होता, आणि तो त्याने लपवला नाही. पोराची आई विधवा आहे, हे त्याने साहेबांना तोंडावर सांगितलं. बोटीवर चढवला असता, तर त्या बाईने गावात मान वर केली नसती, हेही सांगितलं. साहेब ऐकत राहिले.

मग नूरुद्दीनने अब्बासची वही काढली, उजवीकडून उघडली आणि टेबलावर ठेवली.

"सर, पान जळलेलं नाही. अब्बासने उतरवून ठेवलंय. तुम्ही खालची बेरीज वाचलीत. समास वाचलात का?"

साहेबांनी चष्मा शोधला. समासातले ग्रेसचे बारीक शेरे, हवा कशी होती, जेवण काय होतं असले, ते त्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच वाचायचे सोडले होते. आता त्यांनी अब्बासच्या गोलगोल अक्षरातला शेरा वाचला.

'उजव्या हाताचं बोट मोडलंय. संघात नववा माणूस नाही म्हणून लपवून खेळला. अठरात एक. त्याला हा आठवडा कधी आवडणार नाही. मला सहा वर्षांतला हाच सगळ्यात आवडतो.'

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. ते नूरुद्दीनने रोज पाहिलं होतं आणि कधी त्यावर विचार केला नव्हता. त्या बोटाने साहेब त्या चार ओळींवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिले आणि लहान मुलासारखे रडले. नूरुद्दीनचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला पहिल्यांदा जाणवलं, की तो केव्हातरी खुर्चीवर बसला आहे.

७

बॅक्स्टरसाहेबांना भानगड नको होती. 'पान गहाळ झाले' असं लिहून प्रकरण मिटवू, असं ते म्हणाले. डाउडसाहेबांनी ऐकलं नाही. 'पान मी कापले, अब्बास मुकादम निर्दोष आहे' असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली आणि तो कागद क्लबाच्या फळ्यावर टाचून लावला. गुरुवारची बोट अब्बासला न घेता गेली.

शुक्रवारी वारा पडला. सामन्याआधी सगळे क्लबात जमले होते. किंबलसाहेबांची पेटी बांधून तयार होती. डाउडसाहेबांनी सगळ्यांसमोर हिरवी वही अब्बासपुढे ठेवली, शेवटचं मोकळं पान उघडलं आणि आपलं पेन दिलं. पाळ्या, फटके, आणि खाली तीन आकडे. अब्बासने दोनशे नव्व्याण्णव लिहिलं तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही. किंबलसाहेबांनी तर टोपी काढली.

नवा आलेला एक तरुण अमेरिकन होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्याने विचारलं, सर, तुमचा आकडा किती होता?

"दोनशे नव्व्याण्णव," साहेब म्हणाले. "बोट मोडलं होतं."

मग एकशेविसावं पान वहीत परत घालायचं राहिलं. साहेबांनी अब्बासची झिजलेली वही जवळ ओढली, ते पान उघडलं, आणि ते सहज फाडायला हात घातला. अब्बासने पटकन आपला पंजा त्या पानावर ठेवला. साहेबाच्या हाताला असा अडसर घालायची हिंमत त्या कँपात आजवर कुणी केली नव्हती.

"पान फाडायचं नाय, साहेब," तो आपल्या मोडक्या इंग्रजीतून एकदम कोकणीवर येत म्हणाला. नूरुद्दीनने ते इंग्रजीत सांगितलं. "मी दुसरं लिवून देतो," अब्बासने पुढे जोडलं.

साहेबांनी हात मागे घेतला. अब्बासने कोरा कागद घेतला आणि तारखेपासून सुरुवात केली. पाळ्या, फटके, समास. मैदानावर पोरं खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही. नूरुद्दीन चहाचा कप घेऊन भाच्याशेजारी बसून ते पाहत राहिला. शेवटची ओळ लिहून झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हातातला कप रिकामा झाला आहे.